विज्ञानाच्या विद्यार्थ्याची उघडी वही

बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला जर्नल म्हटले की प्रॅक्टिकलचे जर्नल आठवते. रेघी पानावर उद्देश, साहित्य, कृती. समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती आणि निरीक्षण तक्ता. खाली रिझल्ट आणि बॅच घेणाऱ्या सरांची सही. वर्षाच्या शेवटी सर्टिफिकेटवर विभागप्रमुखांचा सही-शिक्का झाला की मगच प्रॅक्टिकल परीक्षा. त्या जर्नलचे काम ठरलेले आहे आणि ते नीटच लिहावे. पण त्यात फक्त जमलेले प्रयोग उरतात. पहिल्या वेळी आकडा का हुकला, कोणती पायरी कळली नव्हती, ती पुढे कशामुळे कळली, याची खूण कुठेच राहत नाही. आम्ही काही जणांनी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकताना या जर्नलशेजारी दुसरी वही ठेवली, कुणालाही वाचता येईल अशी इंटरनेटवर ठेवली, आणि अजून ठेवतो. ती सुरू कशी करायची, तिच्यात नेमके काय लिहायचे आणि ती कुठे बिघडते, ते इथे मांडतो आहोत.

आधी एक नियम, कारण बाकी सगळे त्याच्यावर उभे आहे. जाहीर झालेली नोंद खोडायची नाही आणि गुपचूप सुधारायचीही नाही. चूक सापडली की नोंदीखाली त्या दिवसाची तारीख घालून दुरुस्ती लिहायची. मूळ वाक्य वर तसेच राहू द्यायचे. विचार कसा बदलला ते काही महिन्यांनी पाहायचे असेल, तर जुना विचार जसा होता तसा कागदावर असावा लागतो. आठवणीवर सोडले तर ती आपल्याच बाजूने झुकते. डार्विनने आत्मचरित्रात आपली सवय सांगितली आहे: स्वतःच्या निष्कर्षांविरुद्ध जाणारे निरीक्षण किंवा विचार समोर आला की तो लगेच टिपून ठेवायचा, कारण असे विरोधी मुद्दे अनुकूल मुद्द्यांपेक्षा लवकर विसरले जातात हे त्याच्या लक्षात आले होते. खासगी वहीतले नकोसे पान फाडता येते. वही जाहीर असली की हात आखडतो, आणि विद्यार्थ्याच्या वाढीसाठी जाहीरपणाचा खरा उपयोग आम्हाला एवढ्यातच दिसतो. वाचक किती येतात हा फार पुढचा प्रश्न आहे.

नोंदींना क्रमांक द्यावेत. मायकेल फॅरडेने 1832 मध्ये आपल्या प्रयोगवहीतल्या परिच्छेदांना सलग क्रमांक द्यायला सुरुवात केली आणि तो क्रम 16041 पर्यंत गेला. त्याला स्मरणशक्तीचा त्रास होता. क्रमांकामुळे जुन्या निरीक्षणाकडे बोट दाखवणे सोपे जाई. तुमच्या वहीत हेच काम होते: 'नोंद 12 मधला प्रश्न नोंद 31 मध्ये सुटला' असे एका ओळीत लिहिता येते, शोधताही येते. विषयवार वेगळे क्रमांक देऊ नका. सगळ्या विषयांना एकच सलग क्रम ठेवा, नाहीतर पहिल्याच सत्रात क्रमांकांचा गोंधळ होतो.

वही प्रत्यक्षात दोन ठिकाणी असते. पहिली कागदाची, कच्ची. दोनशे पानी लाँगबुक घ्यावे, पानांवर आधीच क्रमांक टाकावेत, बॉलपेनने लिहावे, चुकले तर एकच आडवी रेघ मारावी म्हणजे खालचे वाचता येते. व्हाइटनर नको, सुटे कागद नकोत. लॅबमध्ये रीडिंग थेट हिच्यात जाते. हातावर, तळव्यावर किंवा फोनवर टिपून 'नंतर उतरवू' म्हटलेले आकडे हमखास बदलतात. दुसरी वही जाहीर. तिच्यात रोज लिहू नये. आठवड्यातून एक ठरलेली वेळ, बहुतेकांना रविवार सकाळ सोयीची जाते, तेव्हा कच्ची वही पुढ्यात घेऊन आठवड्यातल्या दोन किंवा तीन नोंदी निवडायच्या आणि साधारण तासाभरात जाहीर करायच्या. रोज जाहीर करायचे ठरवले तर जेवढे लिहायला सोपे तेवढेच लिहिले जाते. शिवाय मधल्या दोन-चार दिवसांत वैताग निवळतो आणि मित्राबद्दल, शिक्षकांबद्दल रागात लिहिलेले वाक्य जाहीर होण्याआधीच गळून पडते. तारीख मात्र दोन्ही द्यायच्या: काम केल्याची आणि जाहीर केल्याची. मागची तारीख टाकून नोंद घालायला एकदा सुरुवात झाली की स्वतःचाच त्या वहीवर विश्वास राहत नाही.

आता नोंदीत काय लिहायचे. 'आज थर्मोडायनॅमिक्स केले, छान समजले' या ओळीचा महिन्याने काहीही उपयोग होत नाही. उपयोगी नोंदीत सहा गोष्टी येतात. प्रश्न काय होता. उत्तर बघण्याआधी आपला अंदाज काय होता आणि त्याची खात्री किती टक्के. काय केले. काय निघाले. नेमके कुठे अडले, म्हणजे कोणत्या ओळीवर. आणि हे पुन्हा कधी तपासायचे. सगळ्यात जास्त वेळ 'कुठे अडले' वर जावा. 'कार्नो सायकल कळली नाही' हे अडणे नव्हे. 'समतापी टप्प्यातले काम काढता आले, अ‍ॅडियाबॅटिक टप्प्यात उष्णता शून्य धरून तापमान आणि आकारमान यांचे नाते लिहिले, पण दोन्ही अ‍ॅडियाबॅटिक टप्प्यांतली आकारमानांची गुणोत्तरे समान का येतात ते दाखवता आले नाही' हे अडणे. असे लिहिता आले की निम्म्या वेळा उत्तर लिहितानाच सापडते. न सापडले तर सरांना विचारायला नेमका प्रश्न हातात असतो, आणि नेमक्या प्रश्नाला कोणतेही शिक्षक थांबून उत्तर देतात.

ही नोंद पुस्तक बंद करून लिहायची. यावर आम्ही अडून राहतो, कारण पुस्तक उघडे ठेवून लिहिलेली नोंद म्हणजे उतारा. 2006 मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला देऊन प्रयोग केला. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून कच्च्या वहीत आधी आठवून लिहायचे, मग वेगळ्या रंगाच्या पेनने पुस्तकातून राहिलेले भरायचे. जाहीर नोंदीतही हा फरक दिसू द्यावा: 'आठवून' आणि 'बघून' असे दोन भाग सरळ वेगळे ठेवावेत.

एक पूर्ण नमुना देतो, कारण नुसत्या सूचनांवरून हे डोळ्यांपुढे येत नाही. प्रयोग प्रथम वर्षाचा, साधा दोलक. धाग्याची लांबी गोळ्याच्या हूकवरच्या गाठीपर्यंत मोजली आणि वीस दोलनांचा वेळ घेतला. 40 सेमीला 25.9 सेकंद, 60 सेमीला 31.5, 100 सेमीला 40.5. प्रत्येक लांबीवरून गुरुत्वत्वरण काढले तर 9.42, 9.55 आणि 9.63 मीटर प्रति सेकंद वर्ग येते. महाराष्ट्रात ही किंमत 9.79 च्या आसपास असते. कॉलेजच्या जर्नलमध्ये इथे सरासरी काढून 9.53 लिहिले जाते आणि 'एरर ड्यू टू एअर रेझिस्टन्स' असे एक वाक्य खाली येते. उघड्या वहीत तिन्ही आकडे तसेच ठेवायचे आणि त्यांच्याकडे बघत बसायचे. लांबी वाढते तशी किंमत खऱ्या आकड्याकडे सरकते आहे. हातून होणारी चूक कधी वर, कधी खाली जाईल; इथे तर तिन्ही आकडे एकाच बाजूला आहेत आणि क्रमाने चढत आहेत. म्हणजे लांबीत कुठलीतरी ठरावीक भर राहून गेली आहे, आणि आखूड दोलकाला तिचा फटका जास्त बसतो.

आता दोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर आणि मोजलेली लांबी आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढला की रेघ सरळ येते, पण उगमबिंदूतून जात नाही. चढ येतो 4.04 सेकंद वर्ग प्रति मीटर. सूत्रातल्या 4π² ला, म्हणजे 39.48 ला, त्याने भागले की 9.77 मिळते, म्हणजे जवळजवळ बरोबर. उभ्या अक्षावरचा छेद येतो 0.061, त्याला चढाने भागले की 0.015 मीटर, म्हणजे 1.5 सेमी. व्हर्नियर कॅलिपरने गोळा मोजावा: व्यास 2.2 सेमी असेल तर त्रिज्या 1.1 आणि वरचा हूक 0.4, बेरीज 1.5. दोलकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते हे पुस्तकात लिहिलेले असतेच. इथे ते आकड्यांनी स्वतः सांगितले. त्याच्याच शेजारी दुसरी चूक ठेवून बघावी. गोळा सोडताना 'एक' म्हणून मोजायला सुरुवात केली तर वीसच्या जागी एकोणीस दोलने मोजली जातात. मग सगळ्या लांब्यांना किंमत सारखीच चुकते, सुमारे 10.85 येते, आणि आलेख उगमातून जातो पण चढ कमी पडतो. एक चूक छेदात दिसते, दुसरी चढात. हवेच्या रोधाला या दोन्हींत काही काम नाही.

ही नोंद जाहीर करताना पहिल्या दिवशी काय लिहिले होते ते वर राहते ('अंदाज 9.8, खात्री 90 टक्के, आले 9.53, कारण हवेचा रोध असावा'), खाली तारीख घालून 'हवेचा रोध हे कारण चुकीचे, बघा आलेख'. वाचणाऱ्या ज्युनिअरला या दोन ओळींमधले अंतर सगळ्यात जास्त शिकवते. लिहिणाऱ्यालाही, कारण पुढच्या प्रयोगात 'एअर रेझिस्टन्स' लिहिण्याआधी तो आकड्यांचा क्रम तपासतो.

रसायनशास्त्रात नोंदी जरा वेगळ्या लागतात. तिथे चूक बहुधा आकडेमोडीच्या आधीच, बाटलीत किंवा ब्युरेटमध्ये झालेली असते. म्हणून द्रावण कोणत्या दिवशी बनवले, कोणी बनवून ठेवले होते की स्वतः बनवले, बाटलीला बूच घट्ट होते का, हे लिहायचे. सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण उघडे राहिले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते; फिनॉल्फ्थॅलीन वापरून केलेल्या टायट्रेशनमध्ये त्याची नॉर्मॅलिटी, म्हणजे तीव्रता, कमी भरते आणि आठवड्यापूर्वीचा आकडा आजच्याशी जुळत नाही. द्रावणाची तारीख वहीत नसेल तर हे कारण कधीच सापडणार नाही. ऑक्झॅलिक आम्लाविरुद्ध पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन घ्या. फ्लास्क 60 ते 70 अंशांना तापवलेला होता का, सल्फ्युरिक आम्ल किती मिली घातले, पहिले थेंब किती वेळात विरले, मध्येच तपकिरी गढूळपणा आला का. पहिल्या थेंबांचा रंग सावकाश जातो, कारण अभिक्रियेला वेग देणारे मँगनीज आयन तोवर तयार झालेले नसतात. तिथे घाई करून धार सोडली किंवा आम्ल कमी पडले की मँगनीज डायऑक्साइड तयार होऊन तपकिरी रंग येतो आणि ते रीडिंग टाकून द्यावे लागते. टाकून दिलेले रीडिंगही वहीत लिहायचे, शेजारी कारण. परमँगनेट गडद असते म्हणून ब्युरेटमध्ये द्रवाची वरची कडा वाचतात; नोंदीत 'वरची कडा' असे दोन शब्द पुरेत.

प्रयोगशाळेत न जमलेलेही जाहीर करावे ही कल्पना संशोधकांनी आधीच करून पाहिलेली आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ जाँ-क्लोद ब्रॅडली यांनी 2006 मध्ये 'ओपन नोटबुक सायन्स' हे नाव दिले आणि आपल्या प्रयोगशाळेची वही, फसलेल्या प्रयोगांसह, जाहीर ठेवली. विद्यार्थ्याची वही त्या तोडीची असायची गरज नाही. तिच्यातून घ्यायचे ते एवढेच: कच्चा आकडा आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवायचे.

खात्रीचे टक्के लिहायला सांगितले ते बऱ्याच जणांना आधी अनावश्यक वाटते. महिनाअखेरीला त्याचा हिशेब करावा. 70 टक्के खात्रीने केलेल्या दहा अंदाजांपैकी साधारण सात बरोबर यायला हवेत. चारच आले तर तुम्ही स्वतःला जास्त धरता. नऊ आले तर कमी धरता आणि परीक्षेत येत असलेले उत्तर खोडता. हा हिशेब विषयवार केला तर फार उपयोगी निघतो. ऑरगॅनिकच्या मेकॅनिझममध्ये 90 टक्के खात्री आणि निम्मी उत्तरे चूक, तर गणितात 50 टक्के खात्री आणि बहुतेक बरोबर, असे चित्र निघाले की अभ्यासाचा वेळ कुठे टाकायचा हे वेगळे ठरवावे लागत नाही. आमच्या मते संपूर्ण वहीत स्वतःच्या वाढीबद्दल सगळ्यात खरे बोलणारे पान हेच.

तासांची नोंद मात्र वगळावी. 'आज आठ तास' हा आकडा जाहीर होऊ लागला की तास भरण्यासाठी बसले जाते, आणि वाचणाऱ्यालाही त्यातून काही कळत नाही. तेच संकल्पांचे. 'या महिन्यात क्वांटम मेकॅनिक्स संपवणार' असे जाहीर करून सुरुवात करावीशी वाटते, पण 2009 मध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलटे दिसले: ध्येयाशी मनापासून बांधलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचा संकल्प दुसऱ्याने वाचला, त्यांनी त्या कामावर कमी वेळ दिला. सांगून टाकल्याचे समाधान कामाची जागा घेते. म्हणून संकल्प कच्च्या वहीत, झालेले काम जाहीर वहीत.

वही बंद पडण्याची ठिकाणेही ठरलेली आहेत. पहिले, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा नोंदी समजावून सांगणारे लेख होऊ लागतात. प्रस्तावना, इतिहास, व्याख्या, रंगीत आकृती. एका नोंदीला पाच तास लागतात आणि त्यातले काही स्वतःचे नसते. नोंद तीनशे ते पाचशे शब्दांत संपवावी. दुसरे ठिकाण सबमिशनचा महिना. इंटर्नल, असाइनमेंट, जर्नल पूर्ण करणे, सगळे एकदम येते. त्या काळापुरती नोंद तीन ओळींची करायची: प्रश्न, उत्तर, अडले कुठे. वही पूर्ण थांबवली तर परीक्षेनंतर ती पुन्हा उघडणारे कमीच भेटतात. खंड पडलाच तर खंडाबद्दल पान लिहू नये, क्षमाही मागू नये; पुढचा क्रमांक टाकून पुढची नोंद लिहावी. तिसरे ठिकाण कंटाळ्याचे आहे आणि त्याचे कारण जुन्या नोंदी न वाचणे हे असते. प्रत्येक नोंदीला 'पुन्हा तपासायची तारीख' दिलेली असते. सात दिवसांनी आणि तीस दिवसांनी असे दोनदा पुरते. रविवारी नवे लिहिण्याआधी त्या दिवशीच्या जुन्या नोंदींतला प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवायचा आणि खाली एक शब्द लिहायचा: आले, अर्धे, नाही.

लिहायची भाषा कोणती? शिक्षण इंग्रजीतून आणि विचार मराठीतून चालत असेल तर मराठीतच लिहावे. ज्या वाक्यात अर्थ लपवता येत नाही ते मराठीतले. पारिभाषिक शब्द पहिल्यांदा येताना दोन्ही द्यावेत, 'कोनीय संवेग म्हणजे अँग्युलर मोमेंटम', आणि पुढे जो जिभेवर बसतो तो एकच चालवावा. मराठी संज्ञांसाठी मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेवावेत. वहीच्या शेवटी संज्ञांचे एक पान असू द्यावे.

आता थोडे तांत्रिक. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे चिकटवला की अक्षरांचा चुराडा होतो. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि डोळ्यांना सारखाच दिसतो, पण शोध घेताना दोन्ही जुळत नाहीत. एकच कीबोर्ड ठरवून घेतला की हा त्रास संपतो. फाइलचे नाव आणि पानाचा पत्ता रोमन अक्षरांत, सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख: 2025-08-12. असे केल्याने फाइली आपोआप क्रमाने लागतात. पत्त्यात देवनागरी वापरली तर प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ चिन्हे होतात. 'दोलक' एवढा शब्द छत्तीस चिन्हांचा होतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना तुटतो. नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत, मार्कडाउन या सोप्या खुणांच्या पद्धतीत लिहाव्यात, म्हणजे जिथे ठेवल्या ती सेवा बंद झाली तरी दुसरीकडे नेता येतात. गिटहबसारख्या, फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या संकेतस्थळावर ठेवल्या तर प्रत्येक बदलाचा इतिहास वाचकालाही दिसतो, आणि वरचा न खोडण्याचा नियम पाळल्याचा पुरावा आपोआप तयार होतो. समीकरणे लाटेकमध्ये, म्हणजे गणिती मजकूर टाइप करायच्या पद्धतीत, लिहावीत. ते जमेपर्यंत हाताने लिहून फोटो लावायला हरकत नाही, फक्त फोटोतले शोधता येत नाही म्हणून शेजारी एक ओळ शब्दांत लिहावी. फोटो 1200 पिक्सेल रुंदीचा पुरतो. रीडिंगचा तक्ता फोटो म्हणून कधीच लावू नये, आकडे टाइपच करावेत, नाहीतर आलेख पुन्हा काढता येत नाही.

जाहीर काय करू नये हेही तेवढेच नेमके हवे. रोल नंबर, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), हॉस्टेलचा पत्ता, आयकार्डाचा फोटो, फोन नंबर नको. फोटोत लोकेशन लपलेले असते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करावे. लॅबचा फोटो टाकण्याआधी मागच्या फळ्यावर कुणाचे गुण किंवा नावे आहेत का ते बघावे. लॅब पार्टनरचा उल्लेख 'सहकारी' एवढाच, आणि त्याने घेतलेली रीडिंग त्याला विचारूनच. चालू असाइनमेंटची उत्तरे सबमिशनची तारीख उलटल्यावरच. पाठ्यपुस्तकातली आकृती स्कॅन करून लावू नये. स्वतः काढावी, ती काढताना काय कळले नाही तेही समजते. मन खचले असेल त्या दिवसांची नोंद कच्च्या वहीत राहू द्यावी आणि घरातल्या किंवा विश्वासातल्या माणसाशी बोलावे. शिकण्याची वही ते ओझे पेलायला नसते.

प्रकल्पाचे काम याहून जपून हाताळावे. तृतीय वर्षाच्या किंवा एम.एस्सी.च्या प्रकल्पातला डेटा एकट्याचा नसतो, तो गाइडच्या आणि प्रयोगशाळेच्या कामाचा भाग असतो. जाहीर करण्याआधी गाइडची परवानगी घ्यावी, आणि ती ईमेलवर घ्यावी. पेटंटची शक्यता असेल तर अर्ज दाखल होण्याआधी एक ओळही जाहीर करू नये; आधीच जाहीर झालेल्या गोष्टीचे नावीन्य संपते आणि भारतीय कायद्यातल्या सवलती मोजक्या आहेत. गाइडने नाही म्हटले तर प्रकल्पाच्या आकड्यांशिवायही लिहिण्यासारखे पुष्कळ उरते: यंत्र कसे चालते, कॅलिब्रेशन कसे केले, बेसलाइन सरकली तर काय तपासले.

वाचक येऊ लागले की दुरुस्त्याही येतात. त्यांच्यासाठी एक ईमेल ठेवावा, तोही फक्त याच कामाचा. दुरुस्ती बरोबर असेल तर नोंदीखाली 'एका वाचकाने दाखवले' असे लिहून तारीख घालावी. नाव त्याला विचारून. चूक असेल तर तीही आपल्या कारणासह लिहावी, कारण तीच शंका आणखी कुणाला येणारच. कौतुकाची पत्रे वहीत लावू नयेत. चॅटबॉटला विचारले असेल तर तसे लिहावे: आपला प्रयत्न आधी, त्याचे उत्तर नंतर, आणि ते कोणत्या पुस्तकाशी किंवा कोणत्या प्रयोगाशी पडताळले ते. त्याने लिहिलेला मजकूर नोंद म्हणून ठेवला तर खात्रीच्या टक्क्यांचा सगळा हिशेब खोटा पडतो.

सत्र संपले की एक दिवस राखून ठेवावा. त्या सत्रातल्या नोंदींची सूची करायची, क्रमांक आणि एका ओळीत प्रश्न अशी. 'नाही' शेरा असलेल्या नोंदींची वेगळी यादी करायची. सुटीतला अभ्यास त्यांच्यातूनच निवडायचा. सगळ्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर ठेवायची, सोबत सत्राची एक पीडीएफ. दुसऱ्यांनी तुमची रीडिंग वापरावीत असे वाटत असेल तर पहिल्या पानावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लिहावा, म्हणजे श्रेय देऊन वापरायला कुणाला विचारावे लागत नाही. पुढच्या सत्रात पुढचा क्रमांक. एक पासून पुन्हा सुरुवात करायची नाही.